छेदाचा हिशेब : मनोरंजन-व्यवसायातील स्वनिधी आणि त्यावरील परतावा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला सहावीत अपूर्णांक शिकविले. फळ्यावर ते आधी आडवी रेघ ओढीत, मग रेघेखालचा आकडा लिहीत, आणि वरची जागा रिकामी ठेवून वर्गाकडे वळून विचारीत, "किती भागांतले?" कोणी घाईने वरचा आकडा सांगू लागला की म्हणत, "वरचा सगळ्यांनाच दिसतो रे. खालचा सांग." तेव्हा तो आम्हांला त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. पुढे चौतीस वर्षे मी बँकेत नोकरी केली, आणि त्या नोकरीतील माझी सर्वांत मोठी चूक रेघेखालचा आकडा न विचारल्यामुळे झाली. आजचे व्याख्यान म्हणजे त्या चुकीबद्दल सरांना उशिरा दिलेला जबाब आहे असे समजावे.

विषय रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलले गेले आहे, नाट्यसंगीतावर बोलले गेले आहे. मी बोलणार आहे ते मनोरंजन करणाऱ्या कंपन्यांच्या ताळेबंदावर. पण 'कंपनी' हा शब्द आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी रुळला तो बहुधा नाटकामुळेच. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी काढली, आणि आपल्या सयाजीराव महाराजांचा आश्रय तिला लाभला. मखमली पडदे, खरे शालू, अत्तराचा दरवळ यांच्या कथा आपण भक्तिभावाने सांगतो. त्या वैभवाखालच्या कर्जाची कथा मात्र आवाज उतरवून सांगतो. मनोरंजनाच्या धंद्यात दिसणारे वैभव आणि मालकांच्या पदरात उरणारे धन यांचे नाते तेव्हापासून सरळ नाही.

आता मूळ व्याख्या. कंपनीची सर्व मालमत्ता घ्या, तीतून सर्व देणी वजा करा. जे उरते तो भागधारकांचा स्वतःचा निधी. त्याला मी आज 'स्वनिधी' म्हणेन. भागधारकांनी प्रथम घातलेले भांडवल आणि त्यानंतर वाटून न टाकता साठविलेला नफा हे त्याचे मुख्य घटक; साठलेला तोटा असेल तर तो यातूनच वजा होतो. वर्षाचा निव्वळ नफा या स्वनिधीने भागला आणि शंभराने गुणला की जे टक्के मिळतात ते स्वनिधीवरील परताव्याचे. शेअरबाजारात याला 'रिटर्न ऑन इक्विटी' म्हणतात, आणि हल्ली मोबाइलवर कोणत्याही कंपनीच्या नावाखाली हा आकडा झळकतो. शेजारीच दुसरा आकडा असतो : त्या क्षेत्राची सरासरी. पहिला दुसऱ्याहून मोठा असला तर हिरवा रंग, लहान असला तर तांबडा. रंग पाहून पैसे गुंतविणारे आपल्यातही पुष्कळ आहेत.

माझी चूक अशी. १९८७ साली मी गुजरातबाहेरच्या एका मध्यम शहरातील शाखेत कर्ज-विभाग पाहत होतो. दोन चित्रपटगृहे चालविणाऱ्या एका खाजगी मर्यादित कंपनीने नूतनीकरणासाठी पंधरा लाखांचे कर्ज मागितले. घरोघरी व्हिडिओ पोहोचू लागल्याने चित्रपटगृहांचे दिवस कठीण होते, परंतु त्या वर्षी या कंपनीला दोन चांगले चित्रपट मिळाले होते आणि दोन लाखांचा नफा झाला होता. ताळेबंदात स्वनिधी सहा लाख. मी माझ्या टिपणात लिहिले : परतावा ३३ टक्के, त्या भागातील इतर चित्रपटगृहांची सरासरी १२ टक्के, सबब व्यवस्थापन कार्यक्षम. टिपण सुबक होते. वरिष्ठांनी एका वाचनात मान्य केले.

तो सहा लाखांचा स्वनिधी सहा लाख का होता, हे मी विचारले नाही. मालकांनी मुळात वीस लाख घातले होते. आधीच्या वर्षांच्या तोट्याने त्यांतले चौदा लाख खाल्ले होते. वीस लाखांवर दोन लाख म्हणजे दहा टक्के, सरासरीहून कमीच. पण छेद झिजत गेल्यामुळे अपूर्णांक फुगला होता, आणि ती सूज मला प्रकृती वाटली. दोन वर्षांत हप्ते थांबले. मालकांनी राहते घर तारण ठेवले होते, ते विकले गेले. सामानाची यादी करायला मीच गेलो होतो. प्रोजेक्टर चालविणारा गृहस्थ एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर अखेरच्या पाच महिन्यांचा पगार न मिळताच गावी परतला. मला बँकेकडून ज्ञापन मिळाले. त्याचे दुःख फार टिकले नाही. त्या गृहस्थाने मला विचारले होते, "साहेब, तुम्ही तर हिशेब पाहिला होता ना?" ते टिकले.

यानंतर मी मनोरंजन-व्यवसायाचे ताळेबंद वाचण्याचा छंदच लावून घेतला. त्या वाचनातून मला सर्वांत बोधप्रद वाटलेले उदाहरण अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीचे आहे. ते थोडे विस्ताराने सांगतो.

डिस्नेचे हिशेबी वर्ष सप्टेंबरअखेर संपते. सप्टेंबर २०१८ मध्ये संपलेल्या वर्षात तिचा निव्वळ नफा सुमारे १२.६ अब्ज डॉलर होता. स्वनिधी वर्षाच्या आरंभी सुमारे ४१.३ अब्ज आणि अखेरीस ४८.८ अब्ज. नफा वर्षभर मिळविलेला असतो, म्हणून छेदही दोन्ही टोकांची सरासरी घेऊन धरावा. तो ४५ अब्ज आला. परतावा २८ टक्के. आता सात वर्षे पुढे या. सप्टेंबर २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात निव्वळ नफा सुमारे १२.४ अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ तेवढाच. परतावा मात्र १२ टक्क्यांच्या जवळपास. अंश जागच्या जागी आहे आणि अपूर्णांक निम्म्याहून खाली आला आहे. सर असते तर त्यांनी खडू उचलून रेघेखाली बोट ठेवले असते.

रेघेखाली काय घडले? २० मार्च २०१९ रोजी डिस्नेने 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्स' या कंपनीचा मोठा भाग सुमारे ७१ अब्ज डॉलरांना विकत घेतला. किमतीचा साधारण अर्धा भाग रोख दिला आणि उरलेल्यासाठी सुमारे ३० कोटी नवे समभाग फॉक्सच्या भागधारकांना दिले. नवे समभाग दिले की स्वनिधी वाढतो. सप्टेंबर २०१८ मध्ये ४८.८ अब्ज असलेला हा निधी वर्षभरात ८८.९ अब्जांवर गेला. त्याच वर्षात ताळेबंदातील 'ख्याती' या नावाची मालमत्ता ३१ अब्जांवरून ८० अब्जांवर गेली. ख्याती म्हणजे विकत घेतलेल्या धंद्याच्या वेगळ्या दाखविता येणाऱ्या मालमत्तेहून जास्त मोजलेली रक्कम. आपल्या बाजारपेठेतील एखादे जुने फरसाणाचे दुकान कोणी नावासकट घेतो तेव्हा कढया आणि कपाटांच्या किमतीवर जे जास्त देतो, ते हेच.

येथे हिशेबशास्त्राची एक गंमत आहे, आणि तिच्यावर या साऱ्या विषयाचे मर्म टांगलेले आहे. १९२८ साली डिस्नेच्या घरात जन्मलेला मिकी माऊस ताळेबंदात जवळजवळ फुकट आहे. जी कीर्ती स्वतःच्या घरात निर्माण झाली तिची किंमत पुस्तकात लिहू नये असा नियम आहे, आणि त्याच्या जुन्या चित्रपटांचा खर्च तर केव्हाच लिहून टाकलेला आहे. कॅलिफोर्नियातील १९५५ चे डिस्नेलँड आणि फ्लोरिडातील १९७१ चे उद्यान यांची जमीन पुस्तकात आहे ती खरेदीच्या किमतीने. परंतु फॉक्सकडून आलेला 'अवतार' आणि तिकडून आलेले सिम्पसन कुटुंब ही विकत घेतलेली माणसे. त्यांची किंमत बाजारभावाने छेदात येऊन बसली. घरचा उंदीर फुकट आणि पाहुणे सोन्याच्या भावाने, अशा दोन जातींचे धन एकाच रेघेखाली बेरजेला येते.

म्हणून २०१८ चे २८ टक्के पाहून 'काय ही कार्यक्षमता' म्हणणारा अर्धा चुकत होता, कारण त्या टक्क्यांत आजोबांच्या पुण्याईचा मोठा वाटा होता. त्याआधीच्या वर्षांत कंपनी आपलेच समभाग अब्जावधी डॉलरांना बाजारातून परत घेत होती, त्यानेही छेद आवळलेला होता. आणि २०२५ चे १२ टक्के पाहून 'कंपनी बिघडली' म्हणणाराही अर्धाच बरोबर. स्टुडिओ आणि उद्याने चालविणारी माणसे निम्म्या कौशल्याची झालेली नाहीत. पण काही विश्लेषक येथे ख्याती वजा करून मोकळे होतात आणि परतावा पुन्हा सुंदर करून दाखवितात. २०२४ च्या ताळेबंदातून ख्याती काढली तर सुमारे १०० अब्जांच्या स्वनिधीतले एक-तृतीयांशही उरत नाहीत. हे मला पटत नाही. ते पैसे कोणी तरी खरोखर मोजले आहेत. धंदा कसा चालतो असा प्रश्न असेल तर ख्याती बाजूला ठेवून पाहा. मालकाच्या पैशाचे काय केले असा प्रश्न असेल तर ती छेदातच राहिली पाहिजे. गुंतवणूकदाराचा प्रश्न बहुतेक वेळा दुसरा असतो, आणि त्याला उत्तर बहुतेक वेळा पहिल्याचे मिळते.

अंशाबद्दलही एक सावधगिरी सांगतो. वरील दोन्ही वर्षांच्या नफ्यात करविषयक एकवेळचा लाभ मिसळलेला आहे. २०१८ ला तो नव्या अमेरिकी करकायद्यामुळे आला, २०२५ ला 'हुलू' या उपकंपनीची करासाठीची वर्गवारी बदलल्यामुळे, आणि दुसऱ्या वेळी तो अधिक मोठा होता. याउलट २०२४ चा नफा, सुमारे पाच अब्ज, मालमत्तेची मूल्यघट लिहून टाकल्यामुळे दबलेला होता. त्या मूल्यघटीत आपल्या परिचयाचे एक नाव आहे. 'स्टार इंडिया'चा कारभार रिलायन्सबरोबरच्या संयुक्त कंपनीत जाणार होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो गेलाही. त्यापूर्वीच तिची पुस्तकी किंमत खाली आणावी लागली. एका वर्षाच्या टक्क्यांवर विसंबू नये ते एवढ्यासाठी.

आता तुलनेकडे वळू. डिस्नेच्या शेजारी सहसा नेटफ्लिक्स उभी केली जाते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ड्यू पाँ या रसायन-कंपनीतील डोनाल्डसन ब्राउन नावाच्या अधिकाऱ्याने भांडवलावरील परतावा दोन तुकड्यांत फोडण्याची रीत घातली : विक्रीच्या रुपयामागे नफा किती, आणि मालमत्तेच्या रुपयामागे विक्री किती. पुढे तिसरा तुकडा जोडला गेला : स्वनिधीच्या रुपयामागे एकूण मालमत्ता किती, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशाचा आधार किती. तिन्हींचा गुणाकार म्हणजे स्वनिधीवरील परतावा. २०२४ साठी, येथे वर्षअखेरचा स्वनिधी धरून, हा गुणाकार मी केला. नेटफ्लिक्सचा नफा विक्रीच्या २२ टक्के, मालमत्तेच्या डॉलरमागे विक्री ७३ सेंट, आणि तिसरा तुकडा २.१७ पट, गुणाकार ३५ टक्के. डिस्नेचा नफा विक्रीच्या साडेपाच टक्क्यांच्या आत, विक्री ४७ सेंट, तिसरा तुकडा १.९५ पट, गुणाकार ५ टक्के.

तिसरा तुकडा दोघींत जवळजवळ सारखा आहे, तेव्हा नेटफ्लिक्सचे यश कर्जावर उभे आहे असे म्हणता येत नाही. फरक मुख्यतः पहिल्या तुकड्यात आहे, आणि तो खराच आहे. तरीही येथे थांबू नये. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये सुमारे सहा अब्ज आणि २०२४ मध्ये सहा अब्जांहून थोडे अधिक डॉलर खर्चून स्वतःचे समभाग परत घेतले. ते घेतले नसते तर २०२४ अखेरचा स्वनिधी २४.७ अब्जांऐवजी ३७ अब्जांच्या आसपास असता आणि ८.७ अब्जांचा नफा तोच धरला तर परतावा ३५ ऐवजी २३-२४ टक्के दिसला असता. पुनर्खरेदी वाईट असे मी म्हणत नाही; नको असलेला पैसा मालकाला परत देणे हा प्रामाणिकपणाच आहे. पण त्यातून वाढलेले अकरा टक्के प्रेक्षकांनी दिलेले नाहीत. शिवाय नेटफ्लिक्सने चित्रपट-मालिकांसाठी जी देणी पुढे द्यायचे कबूल केले आहे ती वीस अब्ज डॉलरांहून अधिक आहेत आणि त्यांचा मोठा भाग ताळेबंदात येत नाही. ती कबुली अहवालाच्या टिपांत असते. टिपा वाचाव्यात, माझ्या अनुभवात ताळेबंदाचे खरे बोल तळटिपांतच असतात.

आणि मुळात या दोघी एका जातीच्या आहेत का? २०२४ मध्ये डिस्नेच्या विभागवार परिचालन नफ्यातील सुमारे ६० टक्के उद्याने, जहाजे आणि खेळणी-वस्तूंच्या विभागाने मिळविला. नेटफ्लिक्सकडे तसे उद्यानही नाही आणि जहाजही नाही. ज्या धंद्यात डोंगराएवढे पोलाद आणि सिमेंट लागते त्याची तुलना घरबसल्या पडद्यावर चित्र धाडणाऱ्या धंद्याशी करून आपण सरासरी काढतो, आणि तिला 'क्षेत्र' म्हणतो.

क्षेत्राची सरासरी म्हणजे नेमकी कोणाची पंगत, हे एकदा उठून पाहावे. सप्टेंबर २०१८ मध्ये जागतिक वर्गीकरण बदलले. तोवर ग्राहकोपयोगी वस्तूंच्या गटात असलेल्या डिस्ने आणि नेटफ्लिक्स 'संपर्क-सेवा' या नव्या गटात, दूरध्वनी-कंपन्यांच्या शेजारी, आल्या. कंपन्या त्याच राहिल्या, शेजार बदलला. त्याच पंगतीत 'वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी' आहे. तिने २०२४ मध्ये दूरचित्रवाणी-वाहिन्यांच्या ख्यातीतून ९.१ अब्ज डॉलर लिहून टाकले, वर्षाचा तोटा अकरा अब्जांच्या वर गेला आणि स्वनिधी सुमारे ४५ अब्जांवरून ३४ अब्जांवर आला. त्या वर्षी क्षेत्राची सरासरी एवढ्या एका घटनेने खाली खेचली गेली, आणि मध्यम कंपन्याही 'सरासरीहून सरस' ठरल्या. पुढे या कंपनीला साधा नफा झाला तरी तो आकुंचित छेदावर मोजला जाईल. माझ्या १९८७ च्या चित्रपटगृहांचीच ही गोष्ट आहे, शून्ये तेवढी जास्त.

त्याच पंगतीत संगीताचे जलसे भरविणारी आणि तिकिटे विकणारी 'लाइव्ह नेशन' आहे. २०२० च्या महामारीत जलसे बंद पडले आणि एका वर्षात तिला १.७ अब्ज डॉलरांचा तोटा झाला. २०२४ मध्ये नफा ९० कोटी डॉलरांच्या जवळपास, आणि भागधारकांचा निधी त्याच्या चौथाईहूनही कमी. भागाकार केला तर परतावा चारशे टक्क्यांच्या वर जातो. हा आकडा चुकीचा नाही, निरर्थक आहे. असा एक पाहुणा साध्या सरासरीत बसविला की सगळी पंगत उजळून निघते. म्हणून सर्व कंपन्यांचा एकूण नफा एकूण स्वनिधीने भागावा, किंवा आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यावा; टक्क्यांची साधी सरासरी मात्र कधी घेऊ नये. टक्केवाऱ्यांची सरासरी काढणाऱ्या मुलाला सर बाकावर उभे करीत, हे येथील पुष्कळांना आठवत असेल. मला स्वानुभवाने आठवते.

आपल्याकडचेही पाहू. 'आयनॉक्स लेझर' या चित्रपटगृह-कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अनेक वर्षे आपल्याच जुन्या पादरा रस्त्यावर होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पीव्हीआरमध्ये विलीन झाली. आयनॉक्सच्या दहा समभागांमागे पीव्हीआरचे तीन मिळाले. फॉक्सच्या व्यवहाराची ही देशी आवृत्ती : नवे समभाग निघाले, स्वनिधी फुगला, ख्याती आली. मार्च २०२४ अखेर विलीन कंपनीचा स्वनिधी सात हजार कोटी रुपयांच्या थोडा वर होता आणि त्यासमोर मालमत्तेच्या बाजूस ख्याती पाच हजार कोटींहून अधिक. त्या वर्षी सुमारे ३३ कोटींचा तोटा झाला. यात भाडेपट्ट्यांचा नवा हिशेबही आहे. एप्रिल २०१९ पासून पुढील वर्षांचे भाडे देणे म्हणून ताळेबंदात घ्यावे लागते, आणि पट्ट्याच्या पहिल्या काही वर्षांत नफ्यावर पडणारा बोजा प्रत्यक्ष भाड्याहून जास्त असतो. स्वतःच्या जागेतले जुने चित्रपटगृह आणि भाड्याच्या मॉलमधले नवे, यांचे परतावे शेजारी ठेवताना हे ध्यानात धरले पाहिजे.

तुलना कधीच करू नये असा माझ्या बोलण्याचा अर्थ कोणी घेऊ नये. मार्च २०२४ अखेरच्या वर्षाचे झी आणि सन टीव्ही यांचे ताळेबंद शेजारी ठेवा. दोन्हींचा धंदा मुख्यतः वाहिन्यांचा, देश एक, आणि स्वनिधीही दोन्हींचा दहा हजार कोटींच्या वर, जवळजवळ सारखाच. झीचा नफा सुमारे १४१ कोटी, सन टीव्हीचा एकोणीसशे कोटींच्या वर. परतावा एकीचा सव्वा टक्क्याच्या आसपास, दुसरीचा अठरा-एकोणीस टक्के. येथे छेद सारखा असल्याने अंश मोकळेपणी बोलतो. मग पुढचे प्रश्न विचारता येतात : जानेवारी २०२४ मध्ये मोडलेल्या सोनीबरोबरच्या विलीनीकरणाचा खर्च झीच्या नफ्यातून किती गेला, ती वर्षे वगळली तर काय दिसते, सनच्या नफ्यात तिच्या मालकीच्या हैदराबादच्या क्रिकेट-संघाचा वाटा किती, आणि तिने बँकेत व रोख्यांत ठेवलेल्या मोठ्या रकमेवरच्या व्याजाचा वाटा किती. असे प्रश्न सुचू लागले म्हणजे तुलना कामी आली.

याच संदर्भात, तीन महिन्यांपूर्वीची एक हकीकत सांगून थांबतो. आपल्याच शाळेचे एक माजी विद्यार्थी, माझ्याहून चार वर्षांनी लहान, कारखान्यातून निवृत्त झालेले, माझ्याकडे आले. पत्नीच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेली आणि मुलीने परत केलेली, अशी मिळून बऱ्यापैकी रक्कम त्यांच्या हाती होती. मोबाइलवर त्यांनी एका मनोरंजन-कंपनीचे पान दाखविले : परतावा ४३ टक्के, क्षेत्र ११ टक्के, रंग हिरवा. "आता यात काय बघायचं राहिलं?" असे त्यांनी विचारले. मी त्यांना चहा दिला आणि कंपनीचा वार्षिक अहवाल छापून आणायला सांगितला. जेवणाच्या टेबलावर आम्ही दोन दुपारी बसलो. पाच वर्षांचे स्वनिधीचे आकडे एकाखाली एक लिहिले. तीन वर्षांत तो निम्म्यावर आला होता, आणि तो मालकांना पैसे परत देऊन आला नव्हता. तोट्याने आला होता. यंदाच्या नफ्यात एका जुन्या चित्रपट-संग्रहाच्या हक्कांची विक्री होती. ती पुढच्या वर्षी पुन्हा होणार नाही. ती वजा करून आणि पाच वर्षांपूर्वीचा छेद धरून आम्ही परतावा पुन्हा काढला. तो आठ टक्के आला.

त्यांनी पैसे घातले नाहीत. बहुतेक रक्कम ठेवीत ठेवली. त्यानंतर त्या समभागाचा भाव सुमारे वीस टक्के वाढला आहे, आणि सकाळी कमाटी बागेत भेट झाली की ते मला त्याची आठवण करून देतात. मी ऐकून घेतो. पुढच्या मार्चचा अहवाल आला की पुन्हा त्याच टेबलावर बसायचे, असे आमचे ठरले आहे. या खेपेस वही त्यांची असणार आहे, आणि खालचा आकडा आधी लिहायचा हे त्यांनी मान्य केले आहे.